मोहोळहून केडगावास

सोलापूर सोडून पुण्याच्या दिशेने निघालेला प्रवासी मोहोळ गाव बहुधा डुलकीतच ओलांडतो, आणि त्यास दोष देण्याचे कारण नाही. येथे डोंगर नाहीत, घाट नाहीत. काळ्या रानात शाळू, पाणी पोचले तेथे ऊस आणि बांधावर बाभळी, एवढीच काय ती शोभा. तथापि ज्याची हयात या मातीत गेली, त्यास ती मुकी वाटत नाही. गावात नागनाथाचे देवालय आहे. या नागेश संप्रदायात आलमखानासारखा मुसलमान भक्तकवी होऊन गेला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. याच तालुक्यातील आष्टी येथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले धारातीर्थी पडले. तेथील विस्तीर्ण तलावाचे काम १८७६ च्या दुष्काळात भुकेल्यांच्या हातांना काम मिळावे म्हणून निघाले. आगगाडी मोहोळास १८६० साली आली. आता दिवे घाटातून पंढरपुरावरून येणारा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी मार्गही मोहोळासच येऊन संपतो. सारांश, वाटा येथे येऊन मिळतात. कोणत्या वाटेने जावे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्यास पडतो.

तोच प्रश्न गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी पडला. धाकटी नात बारावी उत्तीर्ण झाली आणि 'मला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे आहे, व तेही दूरच्या शहरी,' असे म्हणू लागली. चिरंजीवांचे मत पडेना, सूनबाई गप्प. शेवटी कोणी तरी म्हणाले, "दादा, देवापुढे चिठ्ठ्या ठेवा आणि निकाल लावा."

आमच्या घरात ही चाल जुनी आहे. कोकणात देवास फुलांचा कौल लावतात. आमच्याकडे 'करावे' आणि 'करू नये' अशा दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या देवाच्या पायाशी ठेवतात, मनोभावे नमस्कार करतात आणि एक उचलतात. त्या दिवशी मी कागद फाडला, लेखणीही हाती घेतली, पण हात चालेना. मला आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथीत तिचा नवरा गेला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी तिला पाहिली ती म्हातारपणी: लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि माजघरातल्या कोपऱ्यातील जाते. तिला अक्षर येत नव्हते, परंतु ऐकून ऐकून हरिविजयाचे अध्यायच्या अध्याय पाठ होते. ती विधवा झाली तेव्हा तिच्या मामांनी पुण्याहून सुचविले होते की, मुलीस केडगावास पंडिता रमाबाईंकडे धाडावे, तेथे शिकवतात. घरात आकांत झाला, कारण तेथे मुली ख्रिस्ती होतात. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचेही नाव निघाले. अखेर चिठ्ठ्या ठेवल्या आणि 'पाठवू नये' अशी निघाली. त्या एका चिठ्ठीने केडगावही संपले आणि हिंगणेही.

मी दहा-बारा वर्षांचा असताना एकदा तिला विचारले, "आक्का, देवाने तुला नको का म्हटले?" दळता दळता ती म्हणाली, "देवाने काय म्हटले ते मला ठाऊक नाही, बाळ. चिठ्ठ्या वडिलांनी लिहिल्या आणि उचलल्याही त्यांनीच."

हे वाक्य पन्नासहून अधिक वर्षे मनात होते. लेखणी खाली ठेवली आणि ठरविले की, आक्का जेथे जाऊ शकली नाही ते ठिकाण आधी पाहून यावे. केडगाव याच लोहमार्गावर आहे. मोहोळाहून सकाळी निघालो.

अनगर, माढा गेले, कुर्डुवाडी आली. बार्शीची छोटी गाडी येथूनच १८९७ पासून धावू लागली आणि पुढे पंढरपुरापर्यंत गेली. आता ती अरुंद रुळांची गाडी इतिहासजमा झाली आहे. कुर्डुवाडीनंतर केम. केमचे कुंकू पंढरपुरास जाते आणि तेथून घरोघरच्या करंड्यांत. स्थानकाचे नाव वाचताच मनात आले, या गावचे कुंकू आमच्याही घरी येत असे, आणि आक्का तो करंडा कधी हाती घेत नसे.

प्रवासात विचारास सवड असते. ईश्वराची इच्छा मनुष्यास कळते ती कशी? आमच्या शास्त्रकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. मनूने धर्माची चार लक्षणे सांगितली: वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि चौथे आपल्या अंतःकरणाचे समाधान. हे चौथे लक्षण मोठे मोलाचे आणि तितकेच फसवे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत शकुंतलेस पाहतो आणि संशयाच्या प्रसंगी सज्जनाचे अंतःकरणच प्रमाण असा निर्वाळा देतो. शाळेत हे स्थळ मी कित्येक वर्षे मोठ्या आवडीने शिकविले. परंतु राजाच्या अंतःकरणाने जो कौल दिला तो राजास हवाच होता, हे मी मुलांस कधी सांगितले नाही. आणि तोच राजा पाचव्या अंकात, शकुंतला समोर उभी असता, तिला ओळखीत नाही. शापाचा दोष मानला तरी एवढे खरे की, कालचे प्रमाण आज उपयोगी पडले नाही.

आगगाडीत बसून ईश्वराचा शोध लागल्याचे एक उदाहरण मराठीत प्रसिद्धच आहे. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. वाचन आणि प्रार्थना यांत दोन वर्षे गेली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा निश्चय प्रामाणिक होता याविषयी शंका नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडून दिला आणि तुकोबांच्या भक्तिमार्गानेच ख्रिस्ताकडे जाता येते असे ते सांगत राहिले. पण त्या निश्चयाचा घाव कोणी सोसला? लक्ष्मीबाईंनी. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी तो ताटातुटीचा काळ हसतहसत सांगितला आहे, म्हणून तो अधिक बोचतो. पुढे १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु स्वतःच्या मनाने आणि आपल्या वेळी. एकास जी ईश्वराची आज्ञा वाटते, तिची किंमत पुष्कळदा दुसऱ्यास मोजावी लागते. शोध घेणाऱ्याने हे विसरू नये.

भिगवणपाशी उजनीचे पाणी दिसू लागले. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात. दौंड गेले आणि केडगाव आले.

रमाबाईंचे चरित्र आमच्या पिढीस अर्धेच ठाऊक असते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. वडिलांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने मुलीस. तीर्थाटन करीत पुराण सांगणारे हे कुटुंब मद्रास इलाख्यातील दुष्काळात सापडले. आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीस 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पुढे १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथपर्यंत सर्वांस ठाऊक असते. परंतु 'आपल्यास ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो आठ वर्षांनी सापडला,' अशा अर्थाची कबुली त्यांनी १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे, ती फारशी कोणी वाचीत नाही. धर्म बदलला म्हणजे ईश्वराची इच्छा कळली, असे खुद्द त्याही मानीत नव्हत्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच साली मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो या वादावरून रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. हा आक्षेप पोकळ होता असे मी म्हणणार नाही. ज्या लेकरास दुसरा आसरा नाही, त्याचे मन आसरा देणाऱ्याच्या धर्माकडे वळते; ते वळणे कितपत स्वतंत्र, हा प्रश्न मला आजही सलतो. पण त्या प्रश्नाशेजारी दुसरा प्रश्न उभा राहतो: आसरा आम्ही का दिला नाही?

केडगावची जमीन रमाबाईंनी घेतली ती सदनाच्या खर्चास हातभार लागावा म्हणून, फळबागेसाठी. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. त्या वेळी हाती मोठा पैसा नव्हता. असलेल्या मुलींचाच भार पुरेसा होता. विवेक सांगत होता की, स्वस्थ बसावे. परंतु आपल्या भुकेच्या दिवसांची आठवण त्यांस बसू देईना. त्या गेल्या आणि उपाशी मुली व विधवा बरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसे ठेवता येईनात, तेव्हा फळबागेच्या जागी वस्ती उठली. तेच 'मुक्ती सदन'. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. पैशासाठी त्या प्रार्थना करीत, आणि प्रार्थना झाली की कामास लागत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. खिळे जुळविणे, छापणे ही कामे सदनातील बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

मी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. संस्था अजून चालू आहे. निराधार मुली आणि स्त्रिया तेथे राहतात. झाडांच्या सावलीत उभा राहिलो असता मनात आले ते एवढेच: आक्का येथे आली असती, तर कदाचित तिने खिळे जुळविले असते. ख्रिस्तीही झाली असती. आमच्या घराने तिचे नाव टाकले असते. आणि तिला अक्षर आले असते.

तेथे एका वृद्ध बाईंशी बोलण्याचा योग आला. आयुष्य तेथेच गेलेले. बोलणे अगदी आपल्या आजीसारखे. मी आडपडदा न ठेवता विचारले, "बाई, देवाची इच्छा कळावी म्हणून आपण प्रार्थना करता. पण उत्तर देवाचे की आपल्याच मनाचे, हे कसे ओळखता?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी आधी देवाला हे सांगते की, कोणती गोष्ट सोडायला माझे मन तयार नाही. ते प्रामाणिकपणे सांगून झाले की निम्मी प्रार्थना झाली. उरलेल्या निम्म्यासाठी मला फार विचारावे लागत नाही. जेवणाची वेळ झाली आणि एखादी पोर आली नाही, तर तिला शोधायला जायचे. एवढी त्याची इच्छा रोज स्वच्छ दिसते."

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. खिडकीतून काही दिसत नव्हते. म्हणून असेल, मी त्या बाईंनी सांगितलेली निम्मी प्रार्थना करून पाहिली. माझे मन काय सोडावयास तयार नव्हते? मी स्वतःस सांगत होतो की, परमुलखात मुलीची आबाळ होईल, रात्रपाळीचे काम, आपल्या घराण्यात कोणी केले नाही. हे सारे खोटे नव्हते. परंतु त्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती कोणी पाहत नसतानाही उच्चारण्याची लाज वाटली: संध्याकाळी माझा डोळा दिवसेंदिवस अधू होतो, आणि पोथी मला तीच वाचून दाखविते. ती गेली तर कोण वाचील? नकाराची चिठ्ठी माझ्या मनात आधीच लिहिलेली होती, आणि ती देवाच्या हस्ताक्षरात नव्हती.

कदाचित आक्काच्या वडिलांचेही असेच झाले असेल. ते दुष्ट नव्हते. त्यांची लेक त्यांस जवळ हवी होती, आणि लोकांत मानही हवा होता. दोन्ही त्यांनी देवाच्या नावावर मागून घेतले.

मी सनातनी घरातला मनुष्य आहे आणि तसाच राहीन. माझा देव देव्हाऱ्यातला आहे, माझी संध्या माझी आहे. केडगावास जाऊन मी धर्म शोधीत नव्हतो. परंतु प्रार्थना ही ईश्वराकडून आपल्या मतावर शिक्का मारून घेण्याची युक्ती नव्हे, हे मला एका ख्रिस्ती बाईने शिकविले, आणि जे जेथून मिळाले ते तेथून मिळाले असे सांगणे हाही धर्मच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपली. नातीस बोलाविले आणि म्हटले, "अर्ज आण." तिने भीत भीत देव्हाऱ्याकडे पाहिले. "चिठ्ठ्या नाही का ठेवायच्या, आजोबा?"

"नको," मी म्हणालो. "मी लिहिल्या तर मीच उचलीन."

तिला हे कळले नसावे. आक्काची गोष्ट अजून तिला सांगावयाची आहे. अर्जावर पालकाची सही चिरंजीवांनी केली. त्या संध्याकाळी पोथी नातीनेच वाचली, आणि मी डोळे मिटून नेहमीपेक्षा थोडे अधिक लक्ष देऊन ऐकली.