'मुद्दाम' या शब्दापाशी

टेनिसच्या नियमपुस्तकातील सव्विसाव्या, अडथळ्याविषयीच्या नियमाचा मराठी अनुवाद भाषांतराच्या तासासाठी करायला आम्ही काही सहकारी बसलो. जालन्यात आमच्या पिढीची टेनिसशी ओळख दूरचित्रवाणीच्या पडद्यापुरतीच; तरी नियम सोपा वाटला. प्रतिस्पर्ध्याच्या हेतुपुरस्सर कृतीने खेळात अडथळा आला, तर ज्याला अडथळा झाला त्याला गुण मिळतो. कृती अनवधानाने घडली असेल, तर तो गुण पुन्हा खेळायचा. खिशातून चेंडू निसटून पडला, तर पहिल्या वेळी माफी असते.

वाद पेटला तो २०११ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतील अंतिम सामन्यावरून. दुसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये सेरेना विल्यम्सने जोरदार फटका मारला आणि सामंथा स्टोसरची रॅकेट चेंडूला लागण्याआधीच ती आनंदाने ओरडली. पंच एव्हा अस्देराकी यांनी गुण स्टोसरला दिला. त्यासरशी तो गेमही गेला. सेरेना ६-२, ६-३ अशी हरली. पंचांना उद्देशून काढलेल्या शब्दांबद्दल तिला २,००० डॉलर दंड झाला, तो भाग वेगळा.

"ती काय मुद्दाम ओरडली?" असे आमच्यातल्या एकीने विचारले आणि अनुवाद तिथेच थांबला. 'यानं मुद्दाम ढकललं' या लेकराच्या तक्रारीत कुरापतीचा आरोप असतो. 'मोसंबी मुद्दाम तुमच्यासाठी आणली' या वाक्यात मात्र जाणीवपूर्वकता आहे, पण दुष्टावा नाही. नियमाला हा दुसराच 'मुद्दाम' अभिप्रेत आहे. अमेरिकी टेनिस संघटनेचे भाष्य तसे स्पष्टच सांगते: कृती स्वतःहून केलेली असली की पुरे, तिचा परिणाम अभिप्रेत असो वा नसो. त्यामुळे पंचांचा निर्णय आम्हाला नियमाला धरून वाटतो.

पण हर्षोद्गार खरोखर 'केला' जातो का? अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत 'निजसुखादिविवशीभाव' आहे. तिथे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुंतून आपल्याच आस्वादाला मुकतो. इथे एकीचे सुख दुसरीच्या खेळात विघ्न ठरले. अभिनवगुप्ताच्या शब्दात निदान 'विवश' तरी आहे. टेनिसच्या नियमाला ही विवशता मान्य नाही, आणि मान्य केली तर प्रत्येक आरोळी विवश ठरेल, हेही खरे.

तूर्त मसुद्यात 'जाणतेपणी' असा शब्द घातला आहे. त्यापुढे त्याच सहकारी बाईंनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.