पायाखाली वीट



भक्त पुंडलिकाची कथा तुम्ही असंख्य वेळा ऐकली आहे, आणि मी ती कीर्तनातून पन्नास वर्षे सांगितली आहे. देव दारी आले, पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे टाकली आणि देव तिच्यावर उभे राहिले. निरूपणात आपण देवाच्या उभे राहण्याचे महिमान गातो. आज मात्र मला विटेविषयी बोलायचे आहे. पाय टेकायला घट्ट जागा उभ्या देवाला लागली, तशीच ती खुर्चीत बसलेल्या आजारी माणसालाही लागते. हे आम्हाला एकलहऱ्यात आमच्या विणेकरीबुवांच्या आजारपणात कळले.

विणेकरीबुवा इथल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा विभागात नोकरीला होते. पाळी संपली की अंघोळ करून थेट भजनाला येत. निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरपर्यंत त्यांनी कितीतरी वाऱ्या केल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी एकच मागणे केले: संध्याकाळच्या हरिपाठाला मला बसवा.

घरच्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले. दहा मिनिटांत कंबर पुढे सरकली, पाठीचा धनुष्य झाला, हनुवटी छातीला टेकली. काखेत हात घालून वर ओढले, तरी पुन्हा तेच. शेवटी सुनेने मायेपोटीच त्यांच्या छातीभोवती उपरणे गुंडाळून खुर्चीच्या पाठीला बांधले. एका संध्याकाळी बुवा त्या उपरण्याखालून खाली घसरले आणि उपरणे गळ्याशी आले. तोंडातून आवाज निघेना. नातू जवळ होता, त्याने गाठ सोडली, म्हणून बुवा वाचले. त्या सुनेला दोष देऊ नका. घरोघरी असेच बांधतात, आणि बांधणाऱ्याला वाटते आपण सांभाळतो आहोत. म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताई आल्या. त्यांनी बुवांकडे पाहण्याआधी खुर्चीकडे पाहिले. म्हणाल्या, "बाबा घसरत नाहीत, खुर्ची त्यांना घसरवते आहे." बैठक खोल होती, पाय जमिनीला पोचत नव्हते, आणि प्लॅस्टिक गुळगुळीत. पाय लोंबकळले की त्यांचे वजन मांड्यांना पुढे ओढते. कंबरेचे हाड मागे कलंडते आणि माणूस बसायच्या हाडांऐवजी माकडहाडावर बसतो. तिथून घसरण सुरू होते. घसरताना कातडी आसनाला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे जाते. या ओढाताणीत रक्तपुरवठा तुटून जखम होते. खडकीला १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. ज्यांना जन्मभर चाकाच्या खुर्चीत बसायचे, त्यांना अशा जखमांपासून जपणे रोजच्या जेवणाइतकेच आवश्यक असते.

माउलीहो, गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी साधकाचे आसन सांगितले आहे: स्थिर असावे, फार उंच नसावे, फार सखल नसावे. त्या अध्यायावर ज्ञानोबारायांनी किती विस्ताराने सांगितले, हे तुम्ही जाणता. योग्याला जे आसन हवे, ते रोग्याला का नको?

आता ताईंनी जे करून दाखवले, ते सांगतो. खुर्ची दोन हातांची आणि न हलणारी घ्यावी. माणूस पूर्ण मागे बसल्यावर गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटे जागा राहावी. बैठक जास्त खोल असेल तर पाठीमागे घट्ट उशी ठेवून ती कमी करावी. पाऊल पूर्ण टेकावे, गुडघा आणि कंबर साधारण काटकोनात यावी. बुवांच्या पायाखाली आम्ही रुंद लाकडी पाट ठेवला. सुटी वीट ठेवू नका, ती कलंडते. बैठकीवर पुढची बाजू किंचित उंच असलेली फोमची गादी ठेवावी, म्हणजे मांड्या पुढे ओघळत नाहीत. गादीखाली रबरी जाळीची चटई घालावी, ती सरकू देत नाही. रेक्झिन किंवा रेशमी चादर बैठकीवर टाळावी. मधे भोक असलेली ट्यूबसारखी गादी पुष्कळ घरांत आणतात, तीही नको. तिच्या कडेचा दाब उलट रक्त अडवतो.

लुळा हात मांडीवर लोंबकळू देऊ नये, त्याखाली उशी द्यावी. कंबरेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेला पंचा लावला की माणूस कलत नाही. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये, खांदा उखडतो. आधी धड पुढे वाकवावे, एकाने समोरून गुडघ्यांना आधार द्यावा, दुसऱ्याने कंबर धरून मागे न्यावी. पलंगावरही हेच: डोक्याची बाजू उचलण्याआधी गुडघ्याची बाजू उचलावी, नाहीतर सगळे अंग पायाकडे सरकते. जेवण सरळ बसवूनच द्यावे आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नये.

मग पट्टा नकोच का? हवा असेल तर तो जाणकाराने बसवून दिलेला हवा. तो पोटावर किंवा छातीवर नको. मांडी आणि कंबर जिथे मिळतात तिथे, खाली आणि मागे ओढणारा असावा. झटकन सुटणारा असावा, आणि शक्यतो रुग्णाला स्वतःला सोडता यावा. पट्टा लावला तरी खुर्ची नीट नसेल तर धोका तसाच. बुवांना पट्ट्याची गरजच पडली नाही.

एवढे करूनही एकट्याला सोडायचे नाही. सप्ताहात विण्याचा पहारा असतो. वीणा जमिनीवर ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बुवांच्या घरी आम्ही भजनी मंडळाने तसाच पहारा लावला. दर अर्ध्या तासाला कोणीतरी त्यांना एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकवतो, म्हणजे दाब हलतो. रात्री आडवे करताना सून माकडहाड आणि बैठकीची हाडे पाहते. लालसर किंवा काळपट डाग असेल, तिथली कातडी गरम वा कडक लागत असेल आणि दाब काढूनही तो डाग जात नसेल, तर तिथे पुन्हा वजन द्यायचे नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचे.

पैशाचे कसे, असे विचाराल. गरीब ज्येष्ठांना साधने देण्यासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, जी २०२४ मध्ये आली, ६५ वर्षांवरील आणि २ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. पण पाट, पंचा आणि घरच्या माणसांचा वेळ यांना अर्ज लागत नाही.

बुवा आता हरिपाठ संपेपर्यंत बसतात. उजवा हात उशीवर, डाव्या हाताने मांडीवर ताल. मान वर असते म्हणून नाम ऐकू येते, छाती मोकळी असते म्हणून तोंडून थोडेसे निघतेही. मानेचा आणि छातीचा हा उपकार शेवटी कंबर आणि पायाच्या आधाराचा आहे.

माउलीहो, यंदा वारीला निघताना पिशवीत टाळ ठेवाल, तुळशीची माळ घालाल. त्याआधी घरात कोणी म्हातारे, आजारी बसलेले असेल तर त्यांच्यासमोर खाली बसा आणि पाय टेकतात का ते पाहा. छातीशी काही बांधलेले असेल तर सोडा. पायाखाली काही ठेवा, मग विठ्ठल म्हणा.