नॅपकिन आणि सेकंड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुत्री, मांजरं आणि पत्र्यावरची कबुतरं कुणी पाळत नाही; ती असतातच. ससा असा आपोआप येत नाही. त्याला कुणीतरी विकत आणलेलं असतं आणि नकोसा झाल्यावर कुणीतरी टाकलेलं असतं. आमचे दोघे आले ते सुताच्या कोनांच्या रिकाम्या खोक्यात, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उठल्यानंतरच्या दिवसांत. आमच्या टॉवेलच्या कारखान्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खोक्याभोवती कुत्री घिरट्या घालत होती म्हणून वॉचमनमामांनी ते उचलून आणलं. आत एक पांढरी, लाल डोळ्यांची, आणि तिला चिकटून बसलेला एक करडा, कानाचा शेंडा फाटलेला. शिलाईवरच्या अक्कांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. पांढरी ती नॅपकिन. आणि धागा सुटलेल्या, डाग पडलेल्या टॉवेलला आमच्या धंद्यात सेकंड म्हणतात, म्हणून फाटक्या कानाचा तो सेकंड.

ससीण महिन्याभरात विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. हे कळलं तेव्हा सेकंडचं ऑपरेशन करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऑपरेशननंतरही नर काही आठवडे फळवू शकतो, म्हणून मधे जाळी लावून दोघांना वेगळं ठेवलं. तर रात्री ही जाळीच्या या बाजूला आणि तो त्या बाजूला, जाळीतून केस बाहेर येतील इतके एकमेकांना टेकून झोपलेले.

सल्ले भरपूर मिळाले. ‘सशाला पाणी पाजू नका ओ, मरतंय ते,’ हा सगळ्यांत ठाम. हा समज किती ससे तहानेने मारत असेल कोण जाणे. दुसरा सल्ला गाजराचा, तो चित्रांच्या पुस्तकांमधून आलेला. गाजर म्हणजे सशाचं गोडधोड. रोजचं जेवण नव्हे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात ते वाळलं गवत दिवसभर रवंथल्यासारखं चघळूनच. आमच्याकडे कडब्याची पानं, हरळी, बांधावरचं वाळलेलं गवत. गुरांचा लसूणघास त्यांना भारी आवडे, पण त्यात कॅल्शियम फार. मोठ्या सशाच्या लघवीत चुन्यासारखा गाळ धरतो. स्वतःच्या मऊ लेंड्या ते तोंड लावून खातात हे बघून अक्कांनी आधी नाक मुरडलं. पचन दोन फेऱ्यांत होतं, पहिल्या फेरीत राहिलेलं सत्त्व दुसऱ्या फेरीत मिळतं, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हंजे सेकंड माल पुन्हा प्रोसेसला गेला की.’

लूम शेडमध्ये त्यांना बंदी होती. सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेला धाग्याचा गुंता बाहेर पडायला एकच वाट, आणि ती अडली की संपलं. म्हणून ऑफिसच्या मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर चादर अंथरून त्यांचा संसार. टॉवेलच्या फंद्यात नखं अडकतात, चादरीची वीण घट्ट. मागांची खटखट त्यांना बाधत नसे. उलट सुट्टीच्या दिवशी शेड गप्प झाली की सेकंड मागच्या पायांवर उभा राही आणि फरशीवर पाय आपटे. धोका आहे, असं तो नॅपकिनला कळवत असे. सगळं जग बंद पडलंय, हा धोकाच नाही का?

सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथे फरकोट घातलेल्या या जिवाचं काय! सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता जाते ती मुख्यतः कानांतून. एप्रिल-मे महिन्यांत नॅपकिनच्या कानांवरच्या लाल शिरा दुपारी टरारून दिसत. आडवा माठ, ओली गोणी, बाटलीत गोठवलेलं पाणी, आणि हे सगळं असूनही भर दुपारी दोघं एकमेकांना चिकटूनच. गरम होत असेल तर जरा लांब बसा की! पण नाही.

त्या घरात आम्ही गवत पुरवणारे, एवढंच आमचं स्थान. नॅपकिन सेकंडपुढे डोकं जमिनीला टेकवून थांबे, म्हणजे ‘चाट’ असा हुकूम. तो कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, मग कानांची मुळं चाटी. थांबला तर ती नाकाने ढुशी देई. असं आठेक वर्षं चाललं.

सेकंड आजारी आहे हे आम्हांला तिच्यामुळे समजलं. ससा हा शिकार होणारा जीव. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच. तो नेहमीसारखा बसलेला दिसायचा. पण अक्का म्हणाल्या, ‘अवो, आज ती हुकूमच करीना झालीय.’ खरंच, नॅपकिन डोकं टेकवायची सोडून उलट त्याचा जबडा चाटत होती. आतली दाढ वाकडी वाढून जबड्यात पू झाला होता. सशाचा पू दह्यासारखा घट्ट असतो, टोचून निघत नाही. ऑपरेशन झालं, पू पुन्हा धरला. खाणं थांबलं की सशाचं आतडंही थांबतं. तो दातांवर दात करकर घासायला लागला; तो वेदनेचा आवाज. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवायचं सुचवलं तेव्हा घरात कुणी वाद घातला नाही.

डॉक्टरांनीच सांगितलं, त्याला तिच्याकडे घेऊन जा, तिला बघू द्या. चादरीवर ठेवला. तिने नाक लावलं, कान चाटला, फाटका तोच. मग त्याच्यापुढे डोकं टेकवलं. थांबली. ढुशी दिली. पुन्हा टेकवलं. बराच वेळ हे चाललं. मग ती त्याच्या कुशीला पडून राहिली आणि संध्याकाळी उठून कोपऱ्यातलं गवत खायला लागली. वॉचमनमामांनी कडुलिंबाखाली मुरूम फोडून कुत्र्यांना उकरता येणार नाही असा खोल खड्डा घेतला, वर शहाबादीचा तुकडा टाकला.

नॅपकिनने त्याला शोधलं नाही. शोधते ती ज्याचा जोडीदार नुसता नाहीसा होतो ती, असं डॉक्टर म्हणतात आणि मला ते पटतं. पुढचा उन्हाळा तिला झेपला नाही. तिलाही त्याच झाडाखाली ठेवलं.

पिंजरा, माठ आणि जाळी वॉचमनमामांकडे आहेत. टाकलेला ससा कुणाला सापडला तर तिथून घेऊन जावं. पोराच्या वाढदिवसाला नवीन ससा आणणाऱ्याला मात्र ते मिळणार नाही.