माया

विट्याला आण्णांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड बेतायची लाकडी फळी आणि चिंध्यांनी भरलेलं पोतं. त्या पोत्यावर बसून मी जे शब्द शिकले, त्यातला एक ‘माया’. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. ती बाहेरून दिसत नाही. कपडा अंगाला काचायला लागला की शिवण उसवायची, माया सोडायची आणि पुन्हा शिवण घालायची. इतर मुलींच्या फ्रॉकला आण्णा बोटभर माया ठेवत, माझ्या फ्रॉकला दोन बोटं. दर दिवाळीला ती सुटायची. आत दडलेलं कापड उन्हानं विटलेलं नसायचं, त्यामुळे शाळेच्या निळ्या फ्रॉकच्या दोन्ही कुशींना गडद रेघ उमटायची. वर्गातल्या मुली त्या रेघांवरून माझं वजन मोजायच्या.

मागच्या आषाढात ही सगळी शिवण एका रात्रीत उसवली.

बेंबीपाशी हर्निया होता. आठ-दहा वर्षं होता. लिंबाएवढा फुगवटा, आडवं पडून हातानं दाबला की आत जायचा. मी त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. वय ५१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११८ किलो. एवढ्या संसारात एका लिंबाचं काय, असं म्हणत होते. त्या रात्री तो आत जाईना. दगडासारखा घट्ट झाला आणि उलट्या सुरू झाल्या. पहाटे सांगलीतल्या एका दवाखान्यात पोट उघडलं. फटीत अडकलेलं वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापून दोन्ही टोकं जोडली.

पुढचे चार दिवस नाकात नळी, तोंडानं पाण्याचा थेंब नाही आणि रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न, “गॅस पास झाला का?” जन्मभर जी गोष्ट चारचौघांत लपवली, तिची बातमी ऐकायला सर्जन, दोन सिस्टर, नवरा आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे तीन नातेवाईक टपून बसलेले. चौथ्या दिवशी दुपारी ती बातमी आली तेव्हा ह्यांनी हात जोडले. सासूबाईंना फोन गेला. त्या माळकरी, आषाढीचं पंढरपूर त्यांनी सहसा चुकवलं नव्हतं, यंदा माझ्यामुळे चुकलं. फोनवर म्हणाल्या, “पांडुरंग पावला.” कशानं पावला, ते मला ठाऊक होतं.

टाक्यांबद्दल मी सर्जनना विचारलं. शिवणकाम करणाऱ्याची मुलगी, राहवलं नाही. “घट्ट घातलेत ना?” ते हसले. घट्ट घातलेलेच टाके फाटतात, म्हणाले. पोट शिवताना जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा जायला हवा. वीस सेंटिमीटरची जखम असेल तर ऐंशी सेंटिमीटर दोरा. जेन्किन्स नावाच्या ब्रिटिश सर्जननं १९७६ साली हा हिशेब मांडला. ऑपरेशननंतर पोट फुगतं, माणूस खोकतो, जखम ताणली जाते. दोऱ्याला तेवढा सैलपणा नसेल तर दोरा तुटत नाही, तो मांसालाच कापत जातो. शिवाय टाका अगदी कडेला घालायचा नाही, कडेपासून थोडं आत धरायचं.

मी खाटेवर पडल्या पडल्या मनात म्हटलं, आण्णा, हे तुमचंच चाललंय की.

पण खरी गोष्ट ते निघता निघता बोलले. आतडं कापलेल्या पोटात जाळी बसवणं धोक्याचं, कारण जंतू जाळीला धरून बसतात. म्हणून माझं पोट नुसत्या टाक्यांवर आहे. वजन असंच राहिलं तर हर्निया परत येणार. तेव्हा वजन कमी करण्याची, बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घ्या. पण आत्ता नाही. आधी हे भरून येऊ दे. सहा महिने थांबा.

बॅरिअॅट्रिक हा शब्द आमच्या घरी नवा नव्हता. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा पेपर वाचता वाचता ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं होतं. मी दोन दिवस बोलले नव्हते. पोट कापून बारीक होणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, असं माझं मत. त्यापेक्षा मी उपाशी राहीन. आणि राहिलेही. लिंबू-मध-पाणी झालं, सात दिवसांचं कोबीचं सूप झालं. दीक्षित की दिवेकर या आहाराच्या वादात अख्खा महाराष्ट्र वाटला गेला होता, तेव्हा मी दोन्ही पक्षांत राहून आले आणि दोन्हीकडून मीच पळून आले. प्रत्येक वेळी सहा-सात किलो गेले आणि आठ-नऊ परतले. दर वेळी शरीराला एकच सांगत होते: तू मेहनत करत नाहीस, तू आळशी आहेस.

घरी आल्यावर नवव्या दिवशी जखमेचा खालचा भाग पाघळला. कातडीखालच्या चरबीला रक्त कमी मिळतं, तिथे पू लवकर होतो. सर्जननी चार टाके सोडले आणि जखम मुद्दाम उघडी ठेवली. वरून शिवली तर आत घाण कोंडेल. ती तळापासून भरत वर यायला हवी. गल्लीतल्या एक निवृत्त सिस्टर रोज सकाळी येऊन ड्रेसिंग करत. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. पहिले दहा दिवस मी छताकडे बघत पडायचे. अकराव्या दिवशी आक्कांनी आरसा धरला. “बघ की. मांस धरतंय बघ.”

मी बघितलं. तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालभडक काहीतरी उगवलं होतं. आधी नव्हतं, आता होतं. मी त्यासाठी काही केलं नव्हतं, झोपले होते. ज्या पोटाला मी तीस वर्षं आरशात बघणं टाळलं, ते रात्रभर जागून काम करत होतं.

त्याच आठवड्यात आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. वही उघडून मी सवयीनं विचारलं, “काय काय बंद करू?” त्या म्हणाल्या, “काही बंद करायचं नाही. आता खायचंय. जखम प्रथिनांवर भरते. दिवसाला ऐंशी-नव्वद ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. वजन घटवायची घाई आत्ता नको.”

मी रडले. पन्नाशी ओलांडेपर्यंत पांढरा कोट घातलेल्या कुणीही मला ‘खा’ म्हटलं नव्हतं.

ऐंशी ग्रॅम म्हणजे काय, ते घरी हिशेब मांडला तेव्हा कळलं. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा. ताक, पनीर, मटकीची उसळ सगळं धरूनही तूट राहायची. अंड्यांचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती, कारण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. एके दिवशी सकाळी परसात खुडबुड ऐकू आली. बघते तर सासूबाईंनी जुना स्टोव्ह काढलेला, त्यावर नवं कोरं पातेलं, पाण्यात चार अंडी. स्वतः हात लावत नव्हत्या. ह्यांना लांबून सांगत होत्या, किती वेळ उकळू द्यायची ते. कुणाला विचारून आल्या होत्या कोण जाणे. ज्या बाईनं पंचवीस वर्षं माझ्या ताटातल्या पोळ्या मोजल्या, ती आता विचारत होती, “दोनच खाल्लीस? डॉक्टरीणबाईंनी तीन सांगितलीत ना?”

मुलगी फार्मसीला आहे. ती मला वाचून दाखवायची. जखम बाहेरून मिटली तरी आतलं काम वर्षभर चालतं. पहिल्या आठवड्याअखेर तिची ताकद मूळच्या शेकडा तीनच्या आसपास असते, तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास. पूर्ण शंभर कधीच होत नाही. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मनातून गेली नाही. १७४० साली अॅन्सन नावाचा ब्रिटिश कमोडोर आरमार घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. वाटेत खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांतला एक म्हातारा १६९० साली बॉइनच्या लढाईत जखमी झालेला. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्याच्या जखमा स्कर्व्हीत पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. कारण व्रणातले धागे कायमचे नसतात. शरीर ते सतत विरघळवतं आणि सतत नवे विणतं. त्याला लागणारं क जीवनसत्त्व तुटलं की विणकाम थांबतं, विरघळणं चालू राहतं. म्हणजे भरलेली जखम ही एकदा झालेली गोष्ट नाही. शरीर तिथे रोज रफू करत बसलेलं असतं.

दोन वेळा सिझेरियन झालंय माझं. पंचवीस वर्षांपूर्वीचे ते व्रण. एवढी वर्षं मी कोबीचं सूप पिऊन उपास करत होते, चिडून जेवणं टाळत होते, तेव्हाही हे रफूकाम कुणीतरी न बोलता चालू ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी वजन कमी करणाऱ्या सर्जनकडे गेलो. तपासण्यांची यादी मोठी: एंडोस्कोपी, झोपेतल्या श्वासाची चाचणी, रक्त, मानसोपचारतज्ज्ञांशी गप्पा. कुठली शस्त्रक्रिया, ते त्यांनी चित्र काढून दाखवलं. तिचं नाव स्लीव्ह. ऐकून मला हसू फुटलं. स्लीव्ह म्हणजे बाही! जठर उभं कापायचं, तीन चतुर्थांशाहून जास्त काढून टाकायचं, उरलेलं बाहीसारखं अरुंद. बेतायला आत एक नळी घालतात, तिच्या कडेनं स्टेपलर चालवतात. तो एकाच वेळी कापतो आणि शिवतो. मी म्हटलं, “ओव्हरलॉक मशीन.” डॉक्टरांना कळलं नाही, ह्यांना कळलं.

त्यांनी सांगितलं की ही बाही मुळात अर्धीच गोष्ट होती. फार वजनाच्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपत नसे. म्हणून २००० च्या सुमारास सर्जननी तिचे दोन टप्पे केले: आधी नुसतं जठर अरुंद करायचं, वजन थोडं उतरू द्यायचं, मग उरलेलं काम. पण पहिल्या टप्प्यावरच काहींचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज उरली नाही. दोन ऑपरेशनांच्या मधल्या थांबण्यातून हे निघालं, हे मला फार आवडलं. मीही अशाच मधल्या ओसरीत बसले होते.

माझी अडचण निराळी होती. पहिल्या वेळी मेलेलं आतडं कापलं, त्याला काय हरकत? आता ते माझं धडधाकट जठर कापणार. त्याचा गुन्हा काय? मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, गुन्हा नाही. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक तयार होतं, ते सापडलंच मुळी १९९९ मध्ये. तो भाग गेला की भूक मंदावते. तुम्ही आजवर ज्याच्याशी भांडत होता, तो आळस नव्हता.

चरकसंहितेत निंद्य मानलेल्या आठ माणसांचा एक अध्याय आहे. त्यात अतिस्थूल माणूस आहे. शाळेत संस्कृतच्या सरांनी ते माझ्याकडे बघत सांगितलं होतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, ते मी आता वाचलं: स्थूल माणसाचा अग्नी प्रखर होतो, अन्न झटकन पचतं आणि भूक पुन्हा पेटते, असं चरक म्हणतो. म्हणजे निंदा केली तरी त्यानं भूक खोटी ठरवली नव्हती. ती मी ठरवली होती.

मला त्या सहा महिन्यांत एवढंच उमगलं. जुन्या रागाच्या भरात, या पोटाची खोड मोडायची म्हणून मी टेबलावर चढले असते, तर ती शिक्षा झाली असती. आता मी माझ्यासाठी राबलेल्या कुणाकडून तरी शेवटची मोठी मेहनत मागून घेणार आहे. तेही कबूल करून, की नंतर रोजच्या गोळ्या आयुष्यभर, घास लहान, आणि डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे काही वर्षांनी थोडं वजन परतही येऊ शकतं.

संक्रांतीनंतरची तारीख मिळाली आहे. त्याआधी दोन आठवडे पातळ आहार, जठरावर झुकलेलं यकृत आक्रसावं म्हणून. दवाखान्यात घालायला पुढून उघडणारे दोन गाऊन हवेत, म्हणून परवा कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेले. मास्तरांनी टेप गळ्यातून काढला आणि थबकले. गल्लीत सगळ्यांना कळलं आहे.

“वहिनी, माप आत्ताचं घेऊ की नंतरचं?”

“आत्ताचं घ्या.”

“पुढं बारीकच होणार तुम्ही. मग माया कशाला? ओव्हरलॉक मारून देतो, आतनं स्वच्छ दिसेल.”

“ओव्हरलॉक नको,” मी म्हटलं. “दोन बोटं माया ठेवा. आत घ्यायची वेळ आली तर घेऊ. पण तेव्हाही कापू नका. आत राहू द्या.”