दोचश्मी

उर्दू लिहिताना तुम्ही रोज एक अक्षर वापरता. त्याचे नाव 'दोचश्मी हे'. शेजारी शेजारी दोन गोल वळणे, जणू दोन डोळेच! फारसीत डोळ्याला 'चश्म' म्हणतात, म्हणून हे दोन डोळ्यांचे अक्षर. 'बे'ला ते जोडले की 'भ' होतो, 'काफ'ला जोडले की 'ख' होतो. मराठीत 'भ' आणि 'ख' ही स्वतंत्र अक्षरे आहेत; त्यांना असे डोळे उसने घ्यावे लागत नाहीत. तरी मराठीने 'चश्म' सोडला नाही. आपण नाकावर चढवतो तो चष्मा याच शब्दापासून आला. नजर, चेहरा, तसबीर हे शब्दही अरबी-फारसीतून आले आणि मराठी घरांत इतके रुळले की आता त्यांना पाहुणे कोणी म्हणत नाही.

हे अक्षर मला पुन्हा भेटले ते चित्रकलेवरचे एक पुस्तक चाळताना. मुघल काळातल्या व्यक्तिचित्रांचे प्रकार तिथे डोळे मोजून सांगितले होते. चेहरा अगदी बाजूने काढला आणि एकच डोळा दिसला, तर ते 'एकचश्म' चित्र. चेहरा थोडा वळलेला असला तर 'दीडचश्म' किंवा 'पावणेदोनचश्म'. समोरून काढलेला पूर्ण चेहरा म्हणजे 'दोचश्म'. नाक, ओठ, दाढी, पगडी यांचा हिशेब नाही. मोजायचे ते डोळे. पावणेदोन शेर दूध मोजावे तसे पावणेदोन डोळे मोजणाऱ्या त्या जुन्या उस्तादांचे मला हसूही आले आणि कौतुकही वाटले.

जहांगीर बादशहाने १६०५ ते १६२७ या काळात राज्य केले. त्याच्या चित्रकारांनी एकचश्म चित्रांत कमाल केली आहे. पापणीचा केस न् केस, कानातला मोती, अंगरख्याची तलम मलमल, सारे काही तिथे आहे. पण अशा चित्रासमोर कितीही वेळ उभे राहा, बादशहा तुमच्याकडे पाहत नाही. त्याची नजर पलीकडे कुठेतरी लागलेली असते. मला वाटते, त्यात दरबाराची अदब असावी. रयतेने बादशहाला पाहावे. त्याने आपल्याला पाहावे अशी अपेक्षा धरू नये!

इजिप्तमधल्या फयुम भागातील चित्रे याच्या अगदी उलट आहेत. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत तिथले चित्रकार पातळ लाकडी फळीवर, वितळवलेल्या मेणात रंग कालवून माणसांचे चेहरे काढीत. दागिन्यांवर कधी सोन्याचा वर्ख लावीत. माणूस वारला की ती फळी ममीच्या चेहऱ्यावर कापडी पट्ट्यांत बसवीत. अशी सुमारे ९०० चित्रे आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. हवारा येथे १८८८ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाच्या उत्खननात त्यांतली कितीतरी मिळाली. या चित्रांतले डोळे मोठे, टपोरे आणि ओलसर आहेत. मी ती केवळ छापील पानावर पाहिली आहेत. तरी पान उलटताना 'थांब जरा' असे त्या बाईने म्हटल्यासारखे वाटले.

लाकूड, मेण, वर्ख आणि कापड असे वेगवेगळे पदार्थ एका चित्रात एकत्र येतात, तेव्हा आजचे कलावंत त्याला मिश्र माध्यम म्हणतात. १९१२ मध्ये पिकासोने तैलरंगाच्या चित्रावर मेणकापडाचा तुकडा चिकटवला आणि भोवती चक्क दोरखंड गुंडाळला. त्यानंतर चित्रात काय वापरावे याला काही धरबंधच उरला नाही. तरी एखादी आगगाडी किंवा अख्खी वस्ती चित्रात वापरता येईल असे मला कधी वाटले नव्हते.

ते केले जेआर या फ्रेंच कलावंताने. तो आपल्या नावाची केवळ ही दोन आद्याक्षरेच सांगतो. तो माणसांचे चेहरे अगदी जवळून टिपतो, भल्यामोठ्या कागदांवर छापतो आणि खळ लावून भिंतींवर चिकटवतो. २००७ मध्ये त्याने एका मित्रासह इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसांची छायाचित्रे काढली. एकच काम करणारी दोन माणसे, एक इकडची, एक तिकडची. दोघांचे चेहरे शेजारी शेजारी आणि दोघेही वेडेवाकडे तोंड करून हसणारे! दोन समाजांना वेगळे करणाऱ्या भिंतीवरही त्याने ते लावले. यांतला आपला कोण आणि त्यांचा कोण, असे तो जमलेल्या लोकांना विचारी. पुष्कळांना ते सांगता येत नसे.

पुढच्या वर्षी तो ब्राझीलमधील रिओ शहरात गेला. तिथे मोरो दा प्रोव्हिडेन्सिया नावाची टेकडीवरची गरीब वस्ती आहे. जून २००८ मध्ये या वस्तीतले तीन तरुण मारले गेले होते. जेआरने वस्तीतल्या स्त्रियांची छायाचित्रे घेतली. त्यांत मारल्या गेलेल्या एका मुलाची आजीही होती. मग शहराकडे तोंड असलेल्या घरांच्या भिंतींवर त्यांचे डोळे चिकटवले. जी वस्ती शहराला पाहायची नव्हती, तीच आता टेकडीवरून शहराकडे टक लावून पाहू लागली.

२००९ मध्ये केनियातील नैरोबीच्या किबेरा वस्तीत त्याने सुमारे २,००० चौरस मीटर छपरे स्त्रियांच्या चेहऱ्यांनी झाकली. या वेळी कागद नव्हता. पाणी आत न शिरणारे जाड कापड होते. म्हणजे चित्राने पाऊसही अडवला. घरातल्या बाईला कलेचे काही वाटो न वाटो, गळके छप्पर थांबले हे तर तिला कळलेच असेल! या वस्तीतून रेल्वेचा रूळ जातो. जेआरने डब्यांवर स्त्रियांचे डोळे लावले आणि रुळाखालच्या उतारावर पत्र्यांवर त्यांची नाके आणि ओठ. गाडी जाताना क्षणभर डोळे चेहऱ्याला मिळत आणि लगेच पुढे निघून जात.

त्याच वर्षी तो भारतातही आला होता. इथे त्याने वरवर कोरे दिसणारे पांढरे कागद भिंतींवर लावले. त्यांवर चेहऱ्याच्या आकारात चिकट पदार्थ होता. रस्त्यावरची धूळ त्याला चिकटत गेली आणि हळूहळू चेहरा उमटला. आपल्याकडे धुळीला तोटा नाही, हे त्याने बरोबर ओळखले!

ही सगळी हकिकत मी संभाषणाच्या तासाला आठवीच्या मुलींना सांगितली आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंतून एखादा ओळखीचा चेहरा करून आणा म्हटले. एक मुलगी तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर, आमच्या घरी चेहरे काढत नाहीत." त्यांच्या भिंतीवर काबाशरीफचे चित्र आणि सुंदर अक्षरांत लिहिलेली आयत आहे, एवढेच. या प्रश्नावर आपल्यात मते वेगवेगळी आहेत. मुलीला घर आणि शाळा यांच्या ओढाताणीत अडकवणे मला पसंत नाही. मी म्हटले, "मग काढू नकोस. तुला आवडत्या माणसाबद्दल काहीतरी करून आण."

आठवड्याने तिने एक पुठ्ठा आणला. त्यावर जुन्या बुरख्याचे काळे कापड ताणून बसवले होते आणि त्यावर दोऱ्याने शिवलेला एक जाड काचांचा चष्मा. एक काडी सुतळीने बांधलेली. बाकी काही नाही. मुली पुठ्ठ्याभोवती जमल्या. एकीने लगेच विचारले, "तुझी दादी ना?" चेहरा नव्हता आणि डोळेही नव्हते, तरी सर्वांनी ओळखले.

मग तिने सांगितले ते असे. दादीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डोळ्यातले भिंगच गढूळ होते, तेव्हा चष्म्याचा नंबर कितीही वाढवला तरी उपयोग नसतो. दादीला शस्त्रक्रियेची भीती वाटे. "उजेड आहे तेवढा पुरे," असे म्हणून तिने दोन वर्षे ढकलली. नात जवळ गेली की ती विचारी, "कोण?" आवाज ऐकला की मग हसे. अखेर सर्वांनी मिळून तिला तयार केले. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा ही समोर उभी होती. दादीने तिला किती तरी वेळ पाहिले. मग म्हणाली, "किती मोठी झालीस गं! आणि मला कोणी सांगितलेसुद्धा नाही."

हे सांगताना त्या मुलीचा आवाज बदलला आणि वर्गही गप्प झाला.

वर्षअखेरीस आम्ही मुलींच्या हातच्या वस्तू मांडल्या. ती दादीला हात धरून घेऊन आली. दादीने नकाब वर केला आणि एकेक वस्तू लक्ष देऊन पाहत ती पुढे सरकू लागली. पुठ्ठ्यासमोर मात्र ती थबकली. खाली वाकून तिने सुतळीची गाठ बोटाने चाचपली आणि नातीकडे वळून म्हणाली,

"अगं, हा तर माझा चष्मा! घरभर शोधला मी."