कडेची मूठ

आजी चुलीवरच्या गंजातला भात बघायची तेव्हा वरचं शीत कधी घेत नसे. पळीच्या दांड्यानं मधला भात अलगद वर काढायची, एकच शीत उचलायची आणि अंगठा-तर्जनीत दाबायची. पुरतं चेपलं तर गंज उतरवून पेज काढायला घ्यायची, मध्ये कणी लागली तर परत झाकण. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मी शाळेच्या पुस्तकाआधी तिच्या बोटांत पाहिली. पण शीत कुठून घ्यायचं हे म्हण सांगत नाही, आणि गेले कित्येक दिवस तेवढंच डोक्यातून जात नाही. आजीला ते ठाऊक होतं. वरचं शीत नुसत्या वाफेवर असतं, तळाचं करपायला आलेलं असतं, कडेचं तापलेल्या गंजाला लागून आधीच मऊ पडलेलं असतं. भात एकच, पण कुठलं शीत उचललं त्यावर तो कच्चा ठरतो, शिजलेला ठरतो किंवा करपलेला ठरतो.

मलाही ते ठाऊक होतं.

बिरसी गावात आमच्या धानाच्या चार बांध्या होत्या, बटईनं दिलेल्या. मळणी झाली की आमचा हिस्सा आणायला वडील जायचे. एका वर्षी त्यांनी मला पाठवलं. मी 22 वर्षांचा होतो. शेणानं सारवलेलं खळं, मधोमध धानाची रास. उपणताना भरलेला दाणा सरळ खाली पडतो आणि पोचट दाणा वाऱ्याबरोबर पुढं सरकतो, त्यामुळे वारा जातो तिकडची राशीची कड नेहमीच कमजोर. मी राशीला वळसा घालून त्याच कडेला गेलो. वाकलो, मूठ भरली, दोन तळव्यांत धान रगडला आणि फुंकर मारली. तूस उडालं. हातात उरले हिरवट, बारीक, अर्धे तुटलेले दाणे. तळहात बटईदारापुढं धरला आणि म्हणालो, "धान पोचट आहे. दोन कुडव वर लागतील."

तो काही बोलला नाही. आमचा हिस्सा मोजून झाला होता. त्यानं पुन्हा माप हातात घेतलं. आपल्याकडे धान मोजताना 'एक' म्हणत नाहीत, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात. वरचे दोन कुडव त्याला आधीच्या मोजणीला जोडून पुढं मोजता आले असते. त्यानं नव्यानं सुरुवात केली. "लाभ," म्हणाला आणि माप आमच्या पोत्यात रिकामं केलं. मग, "दोन."

दोन कुडव धानानं आमच्या घरात काही फरक पडणार नव्हता. मला घरी जाऊन वडिलांना सांगायचं होतं की मला कुणी फसवू शकत नाही.

पुढं ती मूठ मनाला टोचत असताना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचनात आला. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी त्याचा विचार भारतात रुजवला, एलिसशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला. अंजली जोशींच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे तो विचार अनेक मराठी घरांत पोचला. 1955च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एलिसनं जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कृतीला वाईट म्हणा, माणसाला म्हणू नका. माणसाच्या हातून आयुष्यात अगणित गोष्टी घडतात, तो बदलत राहतो, त्या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढता येत नाही. म्हणून स्वतःला कुठलीही अट न घालता स्वीकारा. म्हणजे शितावरून माणसाची परीक्षा करूच नका, असंच ते म्हणणं. वाचलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आणि त्याच हलकेपणाची नंतर भीती वाटली. खळ्यावर कडेची मूठ धरली, कारण ती माझ्या फायद्याची होती. आता कुठलीच मूठ ग्राह्य नाही म्हणतो आहे, आणि तेही माझ्याच फायद्याचं आहे. जबाबदारी झटका असं एलिस म्हणत नाही, हे मला कळतं. पण मी ते तसंच ऐकलं.

स्वतःची परीक्षा घेतानाही माझा हात ठरावीक जागीच जातो. मन प्रसन्न असलं की वडिलांच्या उशाशी जागून काढलेल्या रात्री हाताला लागतात. झोप लागत नाही तेव्हा तो खळ्यावरचा तळहात. दोन्ही दाणे माझेच. आजी गंजातलं मधलं शीत घ्यायची, पण माणसाचा मध्य कुठं असतो?

अशा वेळी मला नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात. 1983 साली त्यांच्या पटेल-3 या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या रंगाच्या दिसल्या. दुसऱ्या कुणी भेसळ म्हणून उपटून टाकल्या असत्या, नाहीतर त्यावरून सगळं बियाणंच खराब ठरवलं असतं. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढून ठेवल्या. पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं. त्यातून जो बारीक दाण्याचा धान आला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज आमच्या पूर्व विदर्भात तो कुणाला माहीत नाही? हा माणूस दीड एकराचा धनी होता. 2018 साली गेला. त्याच्या त्या पहिल्या नजरेचा मी फार विचार करतो. दाणा हातात घेऊन त्यानं निकाल दिला नाही, थांबून राहिला. आजीची परीक्षा शिजलेल्या शितावर होती आणि शिजलेलं शीत काही उगवत नाही. दादाजींनी परीक्षेसाठी दाणा जिवंत ठेवला.

हे सुचलं तेव्हा आपल्याला काही सापडलं असं वाटलं. मग कळेना, त्या मुठीतला कुठला दाणा मी पेरणार? पोचट दाणा पेरून काय उगवतं?

मागच्या महिन्यात बिरसीला गेलो. तो बटईदार आता नाही. त्याच्या बायकोनं अंगणात खाट टाकली, जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. डोक्यावरून शिकाऊ विमानं फेऱ्या मारत होती, उतरत होती, टेकल्यासारखी होऊन पुन्हा उडत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी गावाजवळ बांधलेली ही धावपट्टी, आता तिथं मुलं विमान चालवायला शिकतात. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि प्रत्येक उड्डाण वहीत लिहावं लागतं, चांगलं उतरलं तेही, आपटत उतरलं तेही.

मी त्या वर्षाचा विषय काढला. "काकी, तुमचा धान पोचट आहे म्हणालो होतो मी."

"पोचटच होता तं जी," ती भात वाढत म्हणाली. "तुडतुडा लागला होता ना त्या साली. मधातला बी तसाच होता."

मी गप्प बसलो. म्हणजे मधली मूठ घेतली असती तरी हातात तेच दाणे आले असते. कडेला गेलो होतो फसवायला आणि निघालं खरं. की दारी आलेल्या माणसाला अवघड वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पण मी दोन कुडव जास्तीचे नेले," मी म्हणालो.

वाढता वाढता तिचा हात थांबला. "कोणते दोन कुडव?"

त्यानं घरी सांगितलंच नव्हतं.