सिटलरने धरलेला हात

टोरंटोतला माझा पहिला हिवाळा, नोव्हेंबर २०२२. हॉकी म्हणजे माझ्यासाठी हिरवं मैदान. ही बर्फावरची कधी कळलीच नव्हती. रूममेटने मोबाइलवर क्लिप दाखवली. बोर्ये साल्मिंग, जुना स्वीडिश डिफेन्समन. एएलएसने वाचा गेलेली, हातात त्राण नाही. शेजारी जुना सहकारी डॅरिल सिटलर रडत त्याचा हात वर उचलून धरतोय.

मग रात्रभर साल्मिंगबद्दलच वाचत बसलो. गाव किरुना. पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. १९७३मध्ये इथे आला, तेव्हा युरोपातले खेळाडू नाजूक म्हणून त्यांना मुद्दाम ठोकायचे. हा टोरंटोकडून १६ सीझन टिकला. येणारा पक गोलपर्यंत जाऊ नये म्हणून सरळ अंगावर घ्यायचा. (कोण करतं असलं काम?) १९८६मध्ये स्केटच्या पात्याने चेहरा फाटला, २००हून जास्त टाके. तरी परत खेळला.

२४ नोव्हेंबरला तो गेला.

त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल लावला. अर्धांगवायूनंतरचे बाबा बघवत नाहीत म्हणून मी नुसता फोनच करायचो.

"आई, फोन बाबांपुढे धर ना."

आईने फोन उशीला टेकवला आणि त्यांचा उजवा हात मनगटाला धरून माझ्याकडे हलवला.